आरशावरची चिठ्ठी

आरशावर माझी चिठ्ठी नव्हती. मी खुर्चीत बसलो, कालोजेरोने गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, आणि सवयीने माझी नजर आरशाच्या डाव्या कडेला गेली. तिथे तारेवर चिमटे आहेत आणि चिमट्यांना पिवळ्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेका नटाचं नाव, चित्रपटाच्या स्टुडिओचा शिक्का आणि तारीख. त्या तारखेपर्यंत त्या माणसाच्या दाढीला, मिशीला, कल्ल्यांना कात्री लावायची नाही. चित्रीकरणात काल ज्या तोंडाने दाराबाहेर उभे राहिलात त्याच तोंडाने परवा दारातून आत यायचं असतं, म्हणून ही व्यवस्था. चिठ्ठी लावायची स्टुडिओच्या माणसाने, काढायचीही त्यानेच, दर शनिवारी सकाळी. न्हाव्याने तिला हात लावायचा नाही. चिठ्ठी आहे तोवर दाढी त्यांची. चिठ्ठी गेली की तुमची. गेले तीन आठवडे माझ्या चिमट्यात ‘ऑरिन क्रॅडक, संपूर्ण दाढी, सोळा तारखेपर्यंत’ अशी चिठ्ठी होती. आज नऊ तारीख, शनिवार. चिमटा रिकामा होता.

“मोकळे झालात साहेब,” कालोजेरो म्हणाला. त्याला वाटलं मला ठाऊकच असणार. शेजारच्या खुर्चीत हार्लन ट्विग होता, मिशीला तेल लावून घेत. सगळ्या शहरात पडद्यावर त्याच्याइतके शेरीफ कोणी केलेले नाहीत, आणि त्याच्याइतका वाईट घोडेस्वारही कोणी नाही. त्याने मान वळवून तारेकडे पाहिलं आणि म्हणाला, “सुटली की रे म्हाताऱ्याची बकरी. आता कुठे बांधणार तिला?” कालोजेरो हसला. मीही हसलो. दाढीवाल्याला हसायला सोपं जातं, डोळे थोडे बारीक केले की लोक बाकीचं धरून चालतात.

सोमवारी माझा प्रसंग होता. तो एकच प्रसंग, पण त्यात मी अकरा वाक्यं बोलणार होतो. अठरा वर्षं मी पडद्यावर आहे आणि अजून एकाही प्रेक्षकाने माझा आवाज ऐकलेला नाही. आता बोलपट आलेत, या वर्षी जो बोलला नाही त्याला पुढल्या वर्षी कोणी बोलावणार नाही, हे शहरातल्या प्रत्येक खाणावळीत बोललं जातं, आणि ते खरं आहे. माझ्याबरोबर फाशी गेलेले, माझ्याबरोबर बुडालेले कितीतरी जण आता संत्र्यांच्या बागांत फळं मोजतात. चित्रपटात मी बाप आहे. मुलगी घर सोडून गेली होती, ती परत येते, बाप दार उघडून बाहेर येतो, तिला बर्फात उभी बघतो, आत जातो, टेबलाशी बसतो आणि बोलतो. बाहेरचं सगळं गुरुवारी झालं. पूर्वी बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले मक्याचे पोहे टाकायचे. आता मायक्रोफोनला त्यांची कुरकुर ऐकू जाते, म्हणून मीठ टाकतात. दिवसभर मी मिठात उभा होतो. दोनदा धुऊनही दाढीच्या मुळाशी मीठ राहिलं होतं आणि खाजत होतं. आणि आता चिठ्ठी काढली, म्हणजे बाहेर मी होतो, आत मात्र मी नव्हतो. म्हणजे बाप दारात मुलीकडे बघून वळेल आणि आत गेल्यावर कॅमेऱ्याला पाठ करून कुणीतरी दुसराच बसेल, किंवा नुसतीच रिकामी खुर्ची असेल आणि मुलीचं काम करणाऱ्या डेलाचा चेहरा. असं करता येतं. मी अठरा वर्षं पाहिलंय, काहीही करता येतं.

हे डेलाचं काम, हे मला विचार न करताच कळलं. बुधवारी तालीम होती. आवाजासाठी बांधलेल्या त्या खोलीच्या भिंतींना आतून जाड लोकर लावली आहे, दार बंद झालं की कानात बोळे घातल्यासारखं वाटतं, आणि दिव्यांच्या उष्णतेने गोंद वितळल्याचा वास येतो. मी चौथ्या वाक्यावर थांबलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चौथ्यावर. पाठांतर नव्हतं असं नाही. घरी आरशासमोर अकराच्या अकरा वाक्यं ओळीने येत होती. पण मूकपटात आम्ही तोंडाने काहीही बोलायचो. मी एका पाद्र्याच्या भूमिकेत मरणाऱ्या बाईच्या कानाशी संपूर्ण वेळ डुकराचं मांस खारवायची कृती सांगितली होती आणि लोक रडले होते. तोंड आणि शब्द यांचा संबंध माझ्यापुरता केव्हाच तुटला होता. चौथ्यांदा थांबलो तेव्हा त्या काचेच्या पेटीत बसलेल्या आवाजवाल्याने कानावरचं यंत्र काढून ठेवलं. दिग्दर्शक हॉलिस बुटांकडे बघत होता. तेव्हा डेला उठली आणि सगळ्यांदेखत, अगदी हळू, समजूतदार आवाजात म्हणाली, “कॅमेरा माझ्यावरच ठेवा ना. मी ऐकते आहे, तेच बघायचंय लोकांना. ऑरिनकाकांचा फक्त हात घ्या, टेबलावरचा. म्हणजे त्यांना समोर कागद ठेवून वाचता येईल.” हॉलिसचा चेहरा उजळला. सगळ्यांचेच उजळले. मी म्हणालो, उत्तम कल्पना आहे. म्हणताना मी तिच्या खांद्यावर हातही ठेवला.

फक्त हात. कालोजेरो वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावत होता आणि तो आवाज मला पायांच्या तळव्यांत जाणवत होता. बुधवारी हात, शनिवारी तोही नको. तिने रात्री विचार केला असेल, की कशाला म्हाताऱ्याला तेवढं तरी द्यायचं. तिला विचार करायची सवय मीच लावली. बाकीचे नट उताविळे असतात, चेहरा लगेच खर्च करून बसतात. मी तिला थांबायला शिकवलं.

एकोणीसशे आठ साली मी एका फिरत्या नाटक मंडळीत होतो. कॅन्सासमध्ये तंबूत खेळ लावायचो. गव्हाची कापणी झालेली असायची आणि तंबूच्या कडेकडेने टोळ चालायचे. डेला सात वर्षांची होती. तिची आई पोशाख सांभाळायची. तिसऱ्या अंकात सावकार घराबाहेर काढतो तेव्हा डेलाने रडायचं होतं, आणि ती रडत नव्हती. व्यवस्थापक तिला चिमटे काढायचा. चिमटे काढले की मूल किंचाळतं, रडत नाही. सावकाराचं काम मी करायचो. मी त्याला म्हटलं, पोरगी माझ्याकडे सोपव. मुलांना शिकवताना मी कधी घाई केलेली नाही. मी तिला तंबूमागे पेटीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसलो, म्हणजे तिचे डोळे माझ्यापेक्षा उंच येतील. तिला म्हटलं, हे बघ, रडायचं नाहीच. रडू येईल तेव्हा त्याला म्हणायचं, थांब. तोंड हलवायचं नाही, हनुवटी हलवायची नाही. आपण थांबलो की समोर बसलेले लोक रडतात. ती म्हणाली, पण मला येतच नाही, तर थांबवू काय? रास्त प्रश्न होता. मुलं रास्तच विचारतात. त्या रात्री तिसऱ्या अंकात मी सावकाराच्या काठीने तिला दाराकडे ढकललं आणि खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, “तुझी आई आज संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. परत येणार नाही.” पहिल्या रांगेतल्या शेतकऱ्यांनी टोप्या काढून तोंडावर धरल्या. आई विंगेतच होती, हातात तिची शाल घेऊन. दुसऱ्या रात्री मी पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्या रात्री पुन्हा. चौथ्या रात्री तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि मला कळलं की तिला कळलंय. तरी ती रडली. थांबून, हनुवटी न हलवता, माझ्याकडे बघत रडली. त्या दिवशी ती नटी झाली. मी पुढच्या गावात तिला लिंबाच्या गोळ्या घेऊन दिल्या.

“साहेब,” कालोजेरो म्हणाला, “एक विचारू का? शेजारी तंबाखूवाल्याकडे टेलिफोन आहे. स्टुडिओत एकदा विचारून घ्या. सकाळी त्यांचा माणूस आला तेव्हा मी गिऱ्हाईकाच्या गळ्याशी होतो, बोलणं काही झालं नाही. नऊ वर्षांची दाढी आहे, पाच मिनिटांनी काय होतंय?” तो चांगला माणूस आहे. सिसिलीतल्या कुठल्याशा खेड्यातून आला, गंधकाच्या खाणीत खोकला लागला म्हणून. गेली तीन वर्षं स्टुडिओच्या सगळ्या दाढ्या याच्याकडे येतात, त्यावर त्याने दुसरी खुर्ची घेतली, बायकोला खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवून दिली. मी त्याला म्हटलं, विचारायचं कशाला, चिठ्ठी बोलते ती. “चिठ्ठी बोलते,” तो मान हलवत म्हणाला. त्याच्या धंद्याचा तो कायदाच होता, त्याच्याविरुद्ध तो काय बोलणार. हार्लन म्हणाला, “अरे विचार की. का भीती वाटते, स्टुडिओतल्या त्या चष्मेवाल्या मडमेने फोन घेतला तर?” मी त्याला सांगितलं की घोडा थांबवायला शिक, मग माणसांना सल्ले दे. तो हसला नाही. मिशीचं तेल पुसत आरशात माझ्याकडे बघत राहिला.

भीती नव्हती. भीती मी पडद्यावर साठ वेळा तरी केलेली आहे, ती कशी दिसते मला माहीत आहे. टेलिफोनवर मला काय म्हणावं लागलं असतं ते मला ऐकू येत होतं. नमस्कार, मी ऑरिन क्रॅडक बोलतोय. कोण? क्रॅडक, बापाचं काम करणारा. थांबा हं, बघते. मग कागद उलटल्याचा आवाज. अठरा वर्षांत माझं नाव पडद्यावर शेवटच्या ओळीत येत आलं, लोक टोप्या शोधायला वाकलेले असतात तेव्हा. रस्त्यात लोक मला ओळखतात, पण नावाने नाही. ट्रॅममध्ये बायका पोरांना माझ्याजवळून उठवून दुसरीकडे बसवतात. एकीने एकदा माझ्या हातातली केळ्यांची पिशवी खाली पाडली होती, कारण तिच्या मते मी आदल्या आठवड्यात एका आंधळ्या मुलीला विहिरीत ढकललं होतं. ते मला आवडलं होतं. ते माझं होतं. पण जाऊन विचारायचं, की बाई, मी अजून आहे का तुमच्या चित्रपटात? ते नाही. त्यांनी काढली म्हणून दाढी गेली असं नको. मी काढली म्हणून गेली असं पाहिजे. “कर सुरू,” मी म्हटलं.

आधी कात्री. एवढ्या दाढीला वस्तरा एकदम लागत नाही. कालोजेरोने मूठभर दाढी डाव्या हातात धरली आणि कात्री उघडून थांबला, जसा कसाई जनावराच्या अंगावर हात ठेवून थांबतो. माझा बाप कसाई होता, नेब्रास्कात. त्याला दाढी नव्हती. त्याची हनुवटी मला अजून दिसते, लहान, ओली, रागात असला की सशाच्या नाकासारखी उडणारी. पोरं त्याला मागून सशा म्हणायची, आणि तो चिडला की आणखी उडायची. मला दाढी फुटली त्या दिवसापासून मी एक तर ती वाढवली किंवा गोंदाने चिकटवली. मी मान थोडी खाली केली, कात्रीसाठी, आणि तेव्हा मला ती दिसली.

आरशाखाली संगमरवरी फळी आहे. फळी आणि आरसा यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तिच्यापुढे बाटल्यांची रांग. हिरव्या बाटलीच्या मागे, फटीत, पिवळ्या कागदाचा कोपरा उभा होता. त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का अर्धा आणि त्याखाली एक अक्षर, ‘क’, लांब शेपटीचा, स्टुडिओतली ती चष्मेवाली कारकून काढते तसा. कालोजेरो माझ्या बाजूला उभा होता, त्याला मध्ये बाटली येत होती. हार्लनला तर भिंतच दिसत असणार. चिठ्ठी कोणी काढलीच नव्हती. चिमटा सैल होता. दाराचा वारा असेल, टॉवेलचा फटकारा असेल, ती घसरून पडली होती, एवढंच. एवढंच झालं होतं. सोमवार होता तिथेच होता. टेबल होतं, अकरा वाक्यं होती, समोर ठेवायचा कागद होता, आणि टेबलापलीकडे डेला होती, मी वाचीन ते ऐकणारी.

आणि मग मला दुसरं आठवलं, जे मी बुधवारपासून आठवू दिलं नव्हतं. कॅन्सासमध्ये डेला वाक्यं विसरायची. सात वर्षांचं मूल, विसरणारच. मी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचो, काठी टेकून, सावकाराच्या रुबाबात, आणि दाढीच्या आडून तिचं वाक्य तिला हळूच सांगायचो. तीन वर्षं सांगितलं. तंबूतल्या कोणालाही कधी कळलं नाही. बुधवारी तिने कॅमेरा स्वतःकडे वळवून घेतला तो त्यासाठी. लोकांनी तिच्याकडे बघावं, म्हणजे म्हाताऱ्याला वाचता येईल. माझंच मला परत देत होती, तेही चारचौघांत, समजूतदार आवाजात, खांद्याशी मान कलती करून. तिने मला काढून टाकलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. शत्रूला माफ करता येतं. पण ही माझ्यावर दया करणार, आणि ती दया चांगली वठणार, कारण ती तिला शिकवली कोणी? सोमवारी मी वाचीन, ती ऐकेल, तिच्या डोळ्यांत पाणी येईल आणि ती त्याला म्हणेल, थांब. आणि देशभर, अंधारात, लोक टोप्या तोंडावर धरतील, तिच्यासाठी. टेबलावर माझा हात.

“साहेब?” कालोजेरो म्हणाला. कात्री अजून उघडीच होती. “अजून सांगा. ठेवायची असेल तर ठेवू. मी केस सारखे करून देतो नुसते.” मला फक्त बोट करायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती. बोट कापडाखाली होतं, कापडाची घडी हललेली मला दिसली. खोटी दाढी लावतील ते, मी विचार केला. पण डेलाच्या इतक्या जवळ, त्या दिव्यांत, गोंदाची कड दिसते. दाराबाहेरचं सगळं पुन्हा घ्यावं लागेल, सगळं मीठ पुन्हा टाकावं लागेल, दुसऱ्या कुणाला तरी उभं करून. सोमवारी सकाळी ती टेबलाशी बसलेली असेल आणि समोरची खुर्ची भरणार नाही. मग तिला कळेल, गाडी गेली म्हणजे काय ते.

“चालू दे,” मी म्हटलं.

पहिला पुंजका कापडावर पडला तेव्हा त्यातून मीठ सांडलं. कालोजेरोने कात्री झरझर चालवली, मग गरम टॉवेल, मग फेस, मग वस्तरा. वाईट बातमी देताना माणसं घाई करतात तशी तो घाई करत होता. फेसाखाली मी स्वस्थ होतो. एवढं स्वस्थ मी कोणत्याही कॅमेऱ्यासमोर राहिलेलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर, बाटलीमागे तो पिवळा कोपरा सगळा वेळ उभा होता आणि माझ्या चेहऱ्यावरून कोणालाही काही कळत नव्हतं. हार्लन उठला, टोपी घातली, पण गेला नाही, दाराशी रेंगाळला. त्याला वाटत होतं काहीतरी बघायला मिळेल, आणि मिळत नव्हतं. मला वाटलं, हे काम मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं केलं.

कालोजेरोने शेवटचा हात फिरवला आणि गालाला लावायचं औषध घ्यायला हिरवी बाटली उचलली.

त्याने कागद पाहिला. बाटली परत ठेवली, जिथून घेतली होती त्याच वर्तुळावर. दोन बोटांनी चिठ्ठी फटीतून काढली, उलटी होती ती सुलटी केली, वाचली. तिच्यावर नवं काही नव्हतं. ऑरिन क्रॅडक, संपूर्ण दाढी, सोळा तारखेपर्यंत. मग त्याने रिकाम्या चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही इथेच होती,” तो म्हणाला. “साहेब, ही तर इथेच होती.” तो मटकन शेजारच्या खुर्चीत बसला आणि हाताने तोंड झाकलं. फार लवकर झाकलं. मी असतो तर त्याला म्हटलं असतं, थांब, आधी चिठ्ठीकडे पुन्हा एकदा बघ. मग तो म्हणाला की तुमचा दोष नाही साहेब, मी स्वतः जाऊन सांगेन स्टुडिओत, की चूक माझी आहे. ते त्याच्याकडे पुन्हा कोणाला पाठवणार नाहीत. हे त्याला माहीत होतं, आणि मला माहीत होतं. बोलायची हीच वेळ होती. मी गप्प राहिलो. चेहरा हलवायचा नाही, समोरच्याला रडू द्यायचं.

“म्हाताऱ्या,” हार्लन दारातून म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. “तुझी हनुवटी बघ.”

मी आरशात पाहिलं. खालचा अर्धा चेहरा पांढरा होता, वरच्यापेक्षा तरुण, ओला. आणि हनुवटी उडत होती. सशाच्या नाकासारखी, भराभरा, थांबत नव्हती. मी ओठ आवळले, तरी थांबली नाही. दात दाबले, तरी नाही. आता सुरू झाली असं ते दिसत नव्हतं. ज्या सराईतपणे ती उडत होती त्यावरून ती कधी थांबलीच नसावी, फासावर नाही, विहिरीशी नाही, बुधवारी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही नाही. मी स्वस्थ होतो तो सगळा दाढीचा स्वस्थपणा होता. तंबूत तेव्हा मी तागाची दाढी लावायचो, कानांना तारेने अडकवलेली, हनुवटीपासून बोटभर सुटी. समोरून काही दिसायचं नाही. पण सात वर्षांचं मूल कमरेएवढं असतं. ते खालून बघतं.

कालोजेरो उठला आणि त्याने कोरडा टॉवेल माझ्या तोंडावर धरला. मी तो त्याच्या हातून घेतला आणि तसाच धरून ठेवला.